छबिलीच्या दिवशी बापूंचा डोळा

माझं नाव सुखचैन सिंग. त्या दिवशी मला सुख पण मिळालं नाही आणि चैन पण नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी नावावरून बोलायला नको.

भानगड बापूंच्या डोळ्याची होती. बापू म्हणजे माझे वडील, नछत्तर सिंग. आयुष्यभर ट्रक चालवला. कांडल्यापासून गुवाहाटीपर्यंत कुठल्या ढाब्यावर डाळीत पाणी जास्त असतं ते अजून सांगतात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन करून घेतलं. ते बिघडलं आणि डोळा कायमचा गेला. आता डाव्यात मोतीबिंदू. म्हणजे उरलेला एकच डोळा, आणि त्याच्यावरही साय धरलेली. समोर माणूस उभा आहे की म्हैस, हे बापू आवाजावरून ठरवायचे.

बठिंड्याच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. साखर दोनशेच्या खाली असेल तरच डोळ्याला हात लावणार. आणि फार थांबलात तर मोतीबिंदू पिकून कडक होईल, मग ऑपरेशन अवघड. आम्ही बापूंना दोनदा नेलं आणि दोन्ही वेळा साखर चढलेली म्हणून परत आणलं. पहिल्या वेळी आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरी गुरुग्रंथाच्या पाठाला जाऊन जिलबी चापली होती. दुसऱ्या वेळी काय खाल्लं ते आजपर्यंत कबूल केलेलं नाही.

म्हणून या वेळी बेबेनं, म्हणजे माझ्या आईनं, सगळा कारभार हातात घेतला. गूळ संदुकीत, संदुकीला कुलूप, किल्ली ओढणीच्या टोकाला. चहा बिनसाखरेचा. रोज कारलं. उन्हाळ्यात आमच्याकडे बदाम, खसखस, मगजबी घोटून शरदाई करतात, ती बंद. जवाच्या सातूत गूळ कालवून पितात, तेही बंद. प्यायला फक्त ताक, तेही मीठ-जिऱ्याचं. ट्रकवाले नाक्यावरच्या पोलिसाकडे जसं बघतात तसं बापू त्या ताकाकडे बघायचे. पण साखर उतरली. बेबेच्या धाकानं उतरली असेल, मला काय, उतरली ना.

हॉस्पिटलनं दोन तारखा सांगितल्या. मी बापूंना विचारलं, "कुठली घेऊ?"

"पहिली घे," बापू लगेच म्हणाले.

आता हा माणूस चहा घेणार का विचारलं तरी आधी तीन प्रश्न विचारतो. ऑपरेशनची तारीख लगेच? मला तिथंच खटकायला पाहिजे होतं. नाही खटकलं. मी म्हटलं, चला, बापू शहाणे झाले.

बरं, मी तारीख न बघता घेतली असंही नाही. गुरू अर्जनदेवजींच्या शहीदी दिवसाला आमच्याकडे गावोगाव छबिली लागतात. गुरूंना ऐन उन्हाळ्यात तापलेल्या तव्यावर बसवलं होतं, म्हणून त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही तहानलेलं जाऊ द्यायचं नाही. छबील म्हणजे पाणपोईच, फक्त पाण्याऐवजी कच्ची लस्सी. दुधात दुप्पट पाणी, गुलाबाचं सरबत, बर्फाच्या लाद्या आणि साखर. साखर म्हणजे पोत्यानं. आणि पाणपोईवर तहानलेला माणूस जातो, इथं छबीलच माणसावर चालून येते. बांबू आडवा टाकून बस थांबवतात. तर त्या दिवशी बापूंना घेऊन रस्त्यावर निघणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या जंत्रीत, म्हणजे आमच्या कॅलेंडरात, बघितलं. शहीदी दिवस ऑपरेशनच्या बऱ्याच नंतर होता. झालं, निर्धास्त.

फक्त एक गोष्ट विसरलो. आमच्या कोटलीचं गुरुद्वारा पक्क्या तारखेची जंत्री मानतं, दरवर्षी तीच तारीख. बाकीचा सगळा इलाका दुसरी जंत्री मानतो, तिच्यात तारीख दरवर्षी हलते. यावरून आमच्या गावात सख्खे भाऊ बोलेनासे झालेत, आणि मी विसरलो. जंत्री बघितली, पण ती आमच्या गावाची. रस्ता आमच्या गावाचा नव्हता.

सकाळी निघालो. गाडी माझी, छोटा हत्ती टेम्पो. तिच्यात मी सरकीची पेंड पोचवतो, त्यामुळे तिला कायम पेंडीचा वास. बेबेनं ताकाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून दिली आणि दारातून मला दम भरला, "आज जर परत आणलंस ना चैने, तर तू पण येऊ नकोस."

"मला काय सांगतेस? त्यांना सांग."

"त्यांना सांगून सांगून माझे दात पडले."

बापू शेजारी बसले. पांढरी पगडी कडक इस्त्रीची, कुडता नवा. लग्नाला निघाल्यासारखे.

"क्लच सोड नीट," गाडी हलायच्या आधीच सुरू झाले.

"दिसतंय का तुम्हाला माझं पाऊल?"

"ऐकू येतंय."

पुढचं गाव दाणेवाल. वळण घेतलं आणि मी करकचून ब्रेक दाबला. रस्त्यावर रंगीत कनात, कर्ण्यावर कीर्तन, आणि मधोमध केशरी पगडीवाला एक धिप्पाड माणूस दोन्ही हात पसरून उभा, जणू गाडीलाच मिठी मारणार.

"वीरजी, जाऊ द्या," मी खिडकीतून हात जोडले. "हॉस्पिटलला चाललोय."

"मग तर प्यायलाच पाहिजे. गुरूचं नाव घेऊन जा."

"ऑपरेशन आहे हो."

"कुणाचं? तुझं?"

"नाही, बापूंचं. त्यांना शुगर..."

"मग तू पी दोन."

मी त्याच्याशी बोलतोय तोवर पलीकडच्या खिडकीतून बापूंचा हात बाहेर. ज्या माणसाला आपली चप्पल सापडत नाही त्याला ग्लास बरोबर सापडला. मी "बापू!" म्हणून ओरडलो तेव्हा ग्लास रिकामा, आणि पांढऱ्या मिशीला गुलाबी किनार.

गाडी पुढं काढली. "हे काय केलंत?"

"गुरूच्या घरचं आहे. हात मागं घेऊ?"

"महिनाभर कारलं कशासाठी खाल्लंत मग?"

"तुझ्या आईला विचार कशासाठी खाऊ घातलं. अरे दूध-पाणी आहे ते. साखर कुठंय त्यात?"

"पोत्यानं असते!"

"ओरडू नकोस. समोर बघ. ट्रॅक्टर आहे."

समोर खरंच ट्रॅक्टर होता. हे त्यांना ऐकू येतं. मी सांगितलेलं मात्र येत नाही.

दुसरी छबील लखीसरची, बायकांची. इथं मी डोकं चालवायचं ठरवलं. गाडी थांबताच स्वतःच उडी मारून खाली उतरलो आणि बापूंच्या खिडकीला पाठ लावून उभा राहिलो. एक म्हाताऱ्या बीबीजी भला मोठा जग घेऊन आल्या.

"बाजूला हो पुत्तर, बाबाजींना देऊ दे."

"त्यांचं पोट बिघडलंय, बीबीजी."

"मग थंड दूध चांगलंच."

"शुगर आहे त्यांना."

"मलाही आहे. सकाळपासून तीन ग्लास प्यायले, बघ उभी आहे की नाही. गुरूपुढं अरदास केलेलं बाधत नाही."

"डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरलाही घेऊन ये, त्यालाही पाजते."

मागं उभ्या बायका हसायला लागल्या. मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "त्यांच्या वाटणीचं मी पितो." माझा एक आणि बापूंचा एक असे दोन मोठे ग्लास प्यायलो. बीबीजी म्हणाल्या, "आणि घरी असलेल्या आईचा?" तिसरा प्यायलो. पोट माठासारखं डचमळायला लागलं. आतून बापूंचा आवाज आला, अगदी दुखावलेला, "माझ्या वाटणीचं तू पितोस?" सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशा काही मी बापाचा हिस्सा हडपलाय.

एका बाईनं बापूंच्या हातात प्रसादाचे चणे दिले. चणे चालतात. पण ते चणे खाताना बापूंनी जो चेहरा केला तो बघून कुणालाही वाटलं असतं की मी त्यांना उपाशी ठेवतो.

आता पुढं मोठ्या रस्त्यावर अजून पाच-सहा गावं होती. मी ठरवलं, बस झालं. गाडी कालव्याच्या कच्च्या रस्त्याला घातली. लांब पडतं, धूळ उडते, पण तिथं गाव नाही, माणूस नाही, छबील नाही.

"इकडून कशाला?" बापूंनी विचारलं.

"हवा चांगली आहे."

"टायर जातील."

"जाऊ देत."

सगळं ठीक चाललं होतं. पण तीन ग्लास कच्ची लस्सी पोटात ठेवून कच्च्या रस्त्यावरून गाडी चालवून बघा. थोड्याच वेळात मला उतरावंच लागलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी म्हटलं, "बसा, आलोच," आणि लांबच्या बाभळीमागं गेलो.

तिथं उभा असताना मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. मग कीर्तनाचा. मी मान वळवून बघितलं. ट्रॉली येत होती. ट्रॉलीत निळं पिंप, पिंपाभोवती चार पोरं, वर निशाण. फिरती छबील! मुख्य रस्त्यावरचे सगळे पितात, कालव्यावरून जाणारे बिचारे राहून जातात, म्हणून त्यांच्यासाठी खास. त्या पोरांच्या भल्या मनाला काय म्हणावं! मी तिथून ओरडलो, "ओए, नको! नको देऊ!" पण ज्या अवस्थेत होतो त्या अवस्थेत पळता येत नाही.

नाडी बांधत धावत आलो तेव्हा बापू ग्लास परत करत होते. पोरानं मोठ्या अदबीनं विचारलं, "बापूजी, अजून?"

"बस पुत्तर. दोन झाले."

दोन!

ट्रॉली गेली. जाताना मलाही एक पाजून गेली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला रडावंसं वाटत होतं की कुणाला तरी मारावंसं, ते ठरत नव्हतं.

"तीन ग्लास झाले बापू. तीन."

"पोरांनी आग्रह केला."

"आज परत पाठवलं तर? डॉक्टर म्हणाले ना, पिकला की अवघड आहे? मग काय करणार? मी आयुष्यभर तुमचा हात धरून फिरवू?"

बापू खिडकीकडे तोंड करून बसले. ज्या खिडकीतून त्यांना काही दिसत नाही त्या खिडकीतून बघत बसले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बापू रोज संध्याकाळी चौकात बसतात. आजूबाजूच्या गावांत काय चाललंय ते त्यांना आमच्या सरपंचाआधी कळतं.

"तारीख तुम्ही निवडलीत," मी म्हटलं. "आज छबिली आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं."

"गिअर बदल," बापू म्हणाले. "इंजिन रडतंय."

हॉस्पिटलात पोचलो. सिस्टर परमिंदर कौर आम्हाला ओळखत होत्या. दोनदा परत पाठवलं होतं ना. बापूंचं बोट टोचलं, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तीनशेच्या वर आहे. काय पाजलंत?"

"मी नाही, सगळ्या जिल्ह्यानं पाजलं."

"आज होणार नाही मग."

बापूंनी लगेच उठून चपला शोधायला सुरुवात केली. चेहऱ्यावर दुःख दाखवत होते, पण चपला फार पटापट सापडल्या.

मी सिस्टरच्या मागं लागलो. हात जोडले, बेबेचं नाव सांगितलं, मीही घरी जाऊ शकत नाही हे सांगितलं. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "आज यादी मोठी आहे. शेवटच्या पेशंटच्या आधी एकदा परत टोचते. त्यांची साखर उतरवायची गोळी आणलीय ना? ती द्या. पाणी पाजा. बसू देऊ नका, चालवा. आणि गोडाचा एक थेंब जरी गेला ना, तर माझ्याकडे येऊ नका."

"थेंब जाणार नाही," मी म्हटलं.

गोळी दिली आणि बापूंना घेऊन फाटकाबाहेर आलो, तर फाटकालाच छबील. हॉस्पिटलची स्वतःची! मोठा मंडप, पिंपांची रांग, पाणी मारलेली जमीन. बर्फाची लादी पोत्यात घालून एक जण मोगरीनं फोडत होता. बापूंचं नाक त्या दिशेला वळलं. मी त्यांचं कोपर धरलं. ते ओढतात, मी ओढतो. लोक बघायला लागले.

मंडपात मुख्त्यार सिंग नावाचे एक गृहस्थ होते, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त, तिथले प्रमुख. घामानं निथळत होते, ओठ सुकलेले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तरी प्या आधी. चक्कर येईल."

"आम्ही सेवेत आहोत," ते म्हणाले. "पिंपं रिकामी झाली की मग. वाढणारा आधी पीत नाही."

हे तर मला लहानपणापासून माहीत होतं. प्रत्येकाला माहीत असतं. पण त्या वेळी मला ते एकदम नव्यानं ऐकल्यासारखं वाटलं. मी बापूंचं कोपर सोडलं, मुख्त्यार सिंगांच्या हातातला जग घेतला आणि बापूंच्या हातात दिला.

"माझ्या बापूंना सेवा करायचीय," मी मोठ्यानं सांगितलं. मंडपातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"वा! या बाबाजी, या!"

बापू जग धरून उभे. तोंड उघडं. "आत्ता?"

"गुरूच्या घरचं काम आहे. हात मागं घेणार?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. दिसत नसेल मी नीट, पण ज्या पद्धतीनं बघितलं त्यात शिव्या होत्या. पण नाही म्हणता येईना. पगडी सारखी केली, चपला काढल्या आणि कामाला लागले.

मला वाटलं होतं मंडपात उभे राहून ग्लास भरतील. छे! थोड्याच वेळात बापू रस्त्यावर. ट्रक थांबवायला. दिसत नाही, आणि ट्रक थांबवायला उभे! मी मागून कुडत्याचं टोक धरून उभा.

"बापू, कडेला!"

"गप्प. दहा टायरी आहे, भरलेली आहे, ड्रायव्हर चांगला आहे, थांबेल." ट्रक थांबला. "बघितलंस? ओए शेरा, खाली ये की मी वर येऊ?"

ड्रायव्हर खाली येईना तेव्हा बापू पायरीवर पाय ठेवून वर चढले आणि ग्लास आत दिला. अर्धा त्याच्या मांडीवर सांडला. तो म्हणाला, "बाबाजी, बाहेरून गार केलंत, आता आतूनही करा." बापू हसले. कितीतरी दिवसांत ते असे हसले नव्हते. मग त्याला विचारत बसले, कुठून आलास, तिथला चढ अजून तसाच आहे का, अमुक ढाबेवाला जिवंत आहे का. मागं गाड्यांची रांग, हॉर्न वाजतायत, वर आग ओकतंय ऊन, आणि मी कुडता धरून उभा. खाली पाय भाजत होते. चपला मीही काढल्या होत्या. वडील अनवाणी आणि मुलगा चपलेत, असं दिसलं असतं तर तिथल्या बायकांनी मला खाल्लं असतं.

असं दुपारपर्यंत चाललं. बापू मंडपातून रस्त्यावर, रस्त्यावरून मंडपात. घामानं कुडता अंगाला चिकटला. मध्ये मध्ये मी बेबेचं ताक पाजत होतो. फडकं सुकलं होतं, ताक कोमट झालं होतं, आंबलंही होतं थोडं. बापू तोंड वाकडं करून प्यायचे, पण प्यायचे. हातात गुलाबी दुधानं भरलेला जग आणि पोटात आंबट ताक. एकदाही जगाला तोंड लावलं नाही. मी नजर ठेवून होतो.

गर्दी कमी झाली तेव्हा त्यांना बळंच कडुनिंबाखाली बसवलं. बापू धापा टाकत होते. मी समोर उकिडवा बसलो. आता मला राहवेना.

"एकदा सरळ सांगा. करायचं नाहीये ना तुम्हाला ऑपरेशन?"

बापू तळपायाला चिकटलेला खडा काढत बसले. मग म्हणाले, "मागच्या वेळी शिबिरातल्या त्या डॉक्टरनं टेबलावर सांगितलं होतं, बाबाजी, काहीच होत नाही, डास चावल्यासारखं वाटेल. तुझी आई म्हणाली काहीच होत नाही. तू पण म्हणालास."

"हो."

"आता मला ट्रक दिसतो. धुरकट का होईना, दिसतो. तू पुढ्यात बसलायस हे दिसतं. तोंड नाही दिसत, पण कुणीतरी आहे हे दिसतं. हा डोळा पण गेला तर?"

माझ्या तोंडात आलंच होतं, काही नाही होत बापू. सकाळपासून येत होतं. महिन्यापासून. पण पायाला फोड आले होते, पोटात दूध नासल्यासारखं वाटत होतं, मी इतका थकलो होतो की खोटं बोलायला जो जोर लागतो तोही उरला नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बिघडू शकतं. हे डॉक्टर चांगले आहेत असं लोक सांगतात, पण बिघडू शकतं. आणि नाही केलं तर हा बसल्या बसल्याच जाणार. एवढंच मला ठाऊक आहे. याच्यापुढं काही ठाऊक नाही."

बापू तो खडा बोटांत फिरवत राहिले.

"आणि मी तुम्हाला परत आणणार नाही," मी म्हटलं. रागातच म्हटलं. "ही शेवटची वेळ. मला आता शक्ती नाही. नको असेल तर आत्ता सांगा, जाऊन सिस्टरला सांगतो की नको म्हणतायत. साखरेच्या नावानं खेळ नको."

मुख्त्यार सिंग दुरून ओरडले, "बाबाजी, शेवटचं पिंप आलं! या, आता आपण पण पिऊ!"

बापूंनी तिकडं मान वळवली. मी त्यांचं कोपर धरलं नाही. खरं सांगतो, मनात म्हटलं, प्या, जे करायचं ते करा.

"तुम्ही प्या," बापूंनी तिकडं ओरडून सांगितलं. "मला आत जायचंय."

मग मला म्हणाले, "हात दे. पायांना मुंग्या आल्यात."

सिस्टरनी पुन्हा टोचलं. मशीनकडे बघितलं, मग मशीन हलवून परत बघितलं. दोनशेच्या आत, अगदी काठावर. "काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं, "ट्रक थांबवले." त्यांना वाटलं थट्टा करतोय.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकायला सांगितले. आत नेताना बापूंनी पगडी उतरवली, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि डोक्याला छोटा पटका बांधून घेतला. तिथल्या वॉर्डबॉयनं त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, "घाबरू नका बाबाजी, काहीच होत नाही."

"तुला काय ठाऊक?" बापू म्हणाले आणि त्याच्या पुढं चालायला लागले.

मी पगडी मांडीवर घेऊन बाकावर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. सारखं शौचालयात जाऊन येत होतो, कारण दूध. बेबेला फोन करायची हिंमत झाली नाही.

रात्री तिथंच ठेवलं. सकाळी पट्टी काढली. मी समोर उभा होतो, काय विचारावं ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी बोटं दाखवली, बापूंनी बरोबर सांगितली. भिंतीवरची अक्षरं दाखवली, खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचली. सिस्टर हसल्या. मग बापूंनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "किती वाळलास रे."

"दिवसभर उन्हात उभं केलंत, वाळेन नाहीतर काय."



सिस्टरनी सगळं नीट सांगितलं. थेंब वेळच्या वेळी, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही, आणि डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. बापू लहान मुलासारखे मान हलवत होते. मी औषधं घ्यायला गेलो.

परत आलो तर बापू खोलीत नाहीत. जिन्यात नाहीत. मंडपाची जागा रिकामी, तिथंही नाहीत. धावत गाड्यांच्या अंगणात गेलो. बापू माझ्या छोट्या हत्तीत, ड्रायव्हरच्या जागी. काळा चष्मा, कडक पगडी, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"उतरा."

"किल्ली दे."

"सिस्टर काय म्हणाल्या?"

"ती काय ट्रक चालवते? किल्ली दे, गावाच्या अलीकडं थांबवतो, तुझ्या आईला कळणार नाही."

"बापू, उतरा म्हणतो!"

उतरले नाहीत. काचेतून बाहेर बघत बसले आणि जे दिसेल ते मोठमोठ्यानं वाचायला लागले. दुकानांच्या पाट्या, औषधांची जाहिरात, समोरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तिला बाहेर पडायचं होतं. मी दार धरून उन्हात उभा, किल्ली मुठीत घट्ट, आणि बापूंचं वाचन काही संपत नव्हतं.